डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी व्यसन कधी बनते? आणि ती एकदम बंद करणं धोक्याचं का असतं?

मेडिकलच्या काउंटरवर घडीवर फाटलेली जुनी चिठ्ठी पुढे करायची. 'मागच्या वेळचीच द्या' म्हणायचं. दहा गोळ्यांची स्ट्रिप घ्यायची आणि निघायचं. चिठ्ठीवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची असते, पण ती कुणी बघत नाही. काही ठिकाणी तर चिठ्ठीही लागत नाही. रिकामी स्ट्रिप दाखवली की काम होतं.

औषधांच्या व्यसनाची सुरुवात अनेकदा इतकी साधी असते. त्यात अंधारी गल्ली नसते, पुडी नसते, पोलिसांची भीतीही नसते. कुणाला बाळंतपणानंतर झोप येत नव्हती, कुणाची पाठ दुखत होती, कुणाला परीक्षेच्या आधी धडधड व्हायची. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी पुढे पाच वर्षं चालू राहते. आणि ती 'औषध' असल्यामुळे घरात कुणालाच त्यात वावगं वाटत नाही.

ही गोळी व्यसन कधी बनते? ती सोडायची कशी? आणि ती स्वतःच्या मनाने एका रात्रीत सोडली तर काय होऊ शकतं?

हा प्रश्न केवढा मोठा आहे?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर एक सर्वेक्षण केलं होतं. त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटातले १.०८ टक्के लोक, म्हणजे साधारण १ कोटी १८ लाख भारतीय, झोपेच्या किंवा मन शांत करणाऱ्या गोळ्या वैद्यकीय कारणाशिवाय घेत असल्याचं त्यात दिसलं. वेदनाशामक म्हणून बनवलेली अफूवर्गीय औषधं नशेसाठी घेणाऱ्यांचं प्रमाण होतं ०.९६ टक्के.

आता याच अहवालातला कोकेनचा आकडा पाहा. तो होता ०.१० टक्के.

टीव्हीवर ज्या ड्रग्जची चर्चा आठवडाभर चालते, त्यापेक्षा मेडिकलमधली झोपेची गोळी वैद्यकीय कारणाशिवाय घेणारे लोक दहापट जास्त आहेत. या गोळ्या घेणाऱ्यांची संख्या सर्वाधिक असलेल्या पहिल्या पाच राज्यांत उत्तर प्रदेशानंतर महाराष्ट्राचं नाव येतं. अर्थात दोन्ही राज्यांची लोकसंख्याच मोठी आहे, हेही लक्षात ठेवायला हवं. पण ज्या प्रश्नाला बातमीत जागाच मिळत नाही, त्याच्यासाठी हा आकडा लहान नाही.

सवय, शरीराची गरज आणि व्यसन: तिन्ही एकच आहे का?

नाही. आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

पहिली पायरी म्हणजे शरीराला औषधाची सवय होणं. आधी अर्ध्या गोळीत झोप यायची, आता एक लागते, मग दीड. मात्रा तीच ठेवली तर परिणाम कमी होतो.

दुसरी पायरी म्हणजे शरीर त्या औषधावर अवलंबून राहणं. गोळी चुकली की हात थरथरतात, घाम येतो, चिडचिड होते. हे औषध नियमित घेणाऱ्या कुणालाही होऊ शकतं, अगदी डॉक्टरांचं तंतोतंत ऐकणाऱ्यालाही. कॅन्सरच्या वेदनांसाठी मॉर्फिन घेणारा रुग्ण शरीराने मॉर्फिनवर अवलंबून असतो, पण म्हणून तो व्यसनी ठरत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे व्यसन. तिथे गोळी माणसाच्या आयुष्याचा ताबा घेते. नुकसान दिसत असूनही घेणं थांबत नाही, ठरवलेल्यापेक्षा जास्त घेतली जाते, कमी करायचे प्रयत्न फसतात, गोळी मिळवण्यात वेळ आणि पैसा जातो, काम आणि नाती मागे पडतात.

मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या डीएसएम-५ या निदान पुस्तिकेत अशा ११ खुणा दिल्या आहेत. वर्षभरात त्यातल्या किमान दोन दिसल्या तर निदानाचा विचार होतो. पण त्यात एक महत्त्वाची तळटीप आहे. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सांगितल्याप्रमाणे घेतलं जात असेल, तर शरीराची सवय आणि गोळी चुकल्यावर होणारा त्रास या दोन खुणा मोजायच्या नाहीत.

म्हणजे रोज झोपेची गोळी घेणाऱ्या आजीला 'तुला व्यसन लागलंय' असं सुनावणं वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचं असू शकतं. मात्र तीच आजी दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडून एकाच गोळीच्या चिठ्ठ्या घेत असेल, गोळ्या उशीखाली लपवत असेल, दुपारीही एक घेत असेल, तर घरच्यांनी थांबून विचार करायला हवा.

झोपेची गोळी मेंदूत नेमकं काय करते?

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही सगळी एकाच कुटुंबातली औषधं. या कुटुंबाला बेन्झोडायझेपिन म्हणतात. यातलं पहिलं औषध १९६० मध्ये बाजारात आलं आणि १९६३ मध्ये डायझेपाम आलं. त्याआधी वापरात असलेल्या बार्बिच्युरेट प्रकारच्या गोळ्यांचा डोस थोडा जास्त झाला तरी माणूस दगावायचा. त्या तुलनेत ही नवी औषधं फार सुरक्षित वाटली आणि जगभर सर्रास लिहून दिली गेली. सवय लागण्याचा धोका डॉक्टरांच्या नीट लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

मेंदूत 'गाबा' नावाचं एक रसायन असतं. त्याचं काम ब्रेकचं. चेतापेशी फार उत्तेजित झाल्या की गाबा त्यांना शांत करतं. बेन्झोडायझेपिन हा ब्रेक आणखी जोरात दाबतं. त्यामुळे भीती कमी होते, स्नायू सैल पडतात, झोप येते, फिट थांबते. म्हणूनच ही औषधं वाईट नाहीत. तीव्र घाबरण्याचा झटका, फिट येणं, दारू सोडताना होणारा त्रास, ऑपरेशनआधीची भीती अशा ठिकाणी त्यांचा मोठा उपयोग होतो.

अडचण वेळेची आहे. ब्रेक सतत दाबलेला राहिला की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. तो स्वतःची ब्रेक लावायची क्षमता कमी करतो आणि ॲक्सिलरेटर वाढवतो. काही आठवड्यांतच हे सुरू होऊ शकतं. म्हणून ही औषधं शक्यतो दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त सलग देऊ नयेत, असं साधारणपणे सांगितलं जातं.

मग एके दिवशी गोळी संपते. ब्रेकवरचा पाय निघतो आणि ॲक्सिलरेटर दाबलेलाच असतो.

म्हणूनच ती एकदम बंद करायची नसते

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, कारण इथे होणारी चूक जिवावर बेतू शकते. आणि ही चूक बहुतेकदा प्रेमापोटी होते. घरच्यांना गोळ्यांचा पत्ता लागतो, ते सगळ्या स्ट्रिप कचऱ्यात टाकतात आणि 'चार दिवस त्रास होईल, मग बरं वाटेल' असं म्हणतात.

बरेच महिने रोज घेतलेली बेन्झोडायझेपिन अचानक थांबवली तर एक-दोन दिवसांत त्रास सुरू होऊ शकतो. डायझेपामसारखं शरीरात जास्त काळ टिकणारं औषध असेल तर त्याला आठवडाही लागू शकतो, त्यामुळे 'सुटली गोळी' असा भ्रम होतो. आधी झोप पूर्णपणे उडते. मग धडधड, घाम, थरथर, उजेड आणि आवाज सहन न होणं. काहींना फिट येते, काहींना भास होतात आणि आपण कुठे आहोत याचं भान सुटतं. फिट आधी कधीही न आलेल्या माणसालाही येऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये या संपूर्ण वर्गाच्या औषधांवर गैरवापर, व्यसन आणि अचानक बंद केल्यावर होणारा त्रास याबद्दल सर्वात कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला, तो उगाच नाही.

आणखी एक गंमत, खरं तर गंमत नाहीच. गोळी सोडल्यावर येणारी अस्वस्थता आणि निद्रानाश हुबेहूब मूळ आजारासारखे दिसतात. त्यामुळे माणसाला वाटतं, 'बघा, मला ही गोळी लागतेच.' तो पुन्हा सुरू करतो. मूळ आजार कदाचित केव्हाच बरा झालेला असतो.

वयस्कर लोकांमध्ये धोका दोन्ही बाजूंनी असतो. गोळी चालू ठेवली तर तोल जाणं, रात्री बाथरूमला जाताना पडणं, खुब्याचं हाड मोडणं, विसरभोळेपणा. त्यामुळे ज्येष्ठांमध्ये ही औषधं शक्यतो टाळावीत असं तज्ज्ञ सांगतात. पण आधीच चालू असेल तर तीही हळूहळूच कमी करावी लागते.

दारूसोबत झोपेची गोळी, किंवा कडक वेदनाशामकासोबत झोपेची गोळी, ही सगळ्यात घातक जोडी. दोन्ही मिळून श्वास मंद करतात. ओव्हरडोसने होणाऱ्या मृत्यूंमध्ये बरेचदा एकापेक्षा जास्त पदार्थ शरीरात सापडतात, ते यामुळे.

कुत्ता गोळी, बटन आणि सिरप

घरातल्या कपाटात सुरू होणाऱ्या या गोष्टीची एक रस्त्यावरची बाजूही आहे.

मालेगावात अल्प्राझोलामला 'कुत्ता गोळी' म्हणतात. छत्रपती संभाजीनगरात नशेच्या गोळ्यांचं नाव 'बटन'. स्वस्त असतात, वास येत नाही, खिशात मावतात. दारू पिऊन घरी गेलं तर कळतं, गोळी खाऊन गेलं तर लगेच कळत नाही. बेकार तरुण आणि कष्टाची कामं करणारी मुलं या गोळ्यांच्या नादी का लागतात, याचं बरंचसं उत्तर या दोन वाक्यांत आहे.

कोडीनयुक्त खोकल्याचं सिरप हा जुना प्रकार. कोडीन हे अफूपासून मिळणारं औषध, शरीरात गेल्यावर त्यातल्या काही भागाचं मॉर्फिन होतं. केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली, तेव्हा त्यात कोडीनची काही सिरपही होती. कंपन्या कोर्टात गेल्या आणि प्रकरण अनेक वर्षं रेंगाळलं.

ट्रॅमाडॉलचं प्रकरण वेगळं. पाठदुखी, सांधेदुखीसाठी दिलं जाणारं हे औषध 'सौम्य' समजलं जायचं. एप्रिल २०१८ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणलं गेलं. मग टॅपेन्टाडॉल नावाचं त्याचं भावंड पुढे आलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीच्या शोध पत्रकारितेतून समोर आलं की, टॅपेन्टाडॉल आणि स्नायू सैल करणारं कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाच्या गोळ्या भारतातून पश्चिम आफ्रिकेत जात होत्या आणि घाना, नायजेरियासारख्या देशांत तरुण त्या नशेसाठी खात होते. त्या गोळ्या बनवणारा कारखाना पालघरमधला होता. बातमीनंतर केंद्राने या मिश्रणाच्या उत्पादन आणि निर्यातीची परवानगी मागे घेतली.

पंजाबात नसांच्या दुखण्यावरचं प्रीगाबालिन नशेसाठी घेतलं जाऊ लागल्यावर अनेक जिल्हाधिकाऱ्यांनी त्याच्या जास्त मात्रेच्या कॅप्सूलवर निर्बंध आणले. आणि इकडे पुण्यात पोलिसांनी जिमबाहेर विकली जाणारी मेफेन्टरमाइनची इंजेक्शनं पकडली. ऑपरेशनच्या वेळी पडलेला रक्तदाब वर आणण्यासाठीचं हे औषध. व्यायामाला 'दम' येतो म्हणून धडधाकट मुलं ते टोचून घेतात. हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि रक्तदाब अचानक वाढणं हे त्याचे सरळ परिणाम.

एक दार बंद केलं की दुसरं उघडतं, असा हा सगळा क्रम आहे.

कायदा काय सांगतो?

कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे, अंमलबजावणीचं तसं म्हणता येत नाही.

१ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' लागू झालं. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, कोडीन, ट्रॅमाडॉल, झोल्पिडेम ही त्यात आहेत. हे औषध विकताना दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. स्ट्रिपवर लाल चौकटीत इशारा असतो. तुमच्या घरातली स्ट्रिप उलटी करून पाहिली तर दिसेल.

यातली बरीच औषधं १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातही येतात. म्हणजे चिठ्ठीशिवाय मोठा साठा सापडला तर गुन्हा ड्रग्जचाच.

याच कायद्याची दुसरी बाजूही आहे. १९८५ नंतर मॉर्फिनवर इतके परवाने आणि शिक्के आले की रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं आणि कॅन्सरचे लाखो रुग्ण वेदनेत गेले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मॉर्फिनसह सहा अत्यावश्यक औषधांचे नियम सोपे करावे लागले. 'सगळ्यावर बंदी घाला' म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचायला हवा.

व्यसनात अडकलेल्यांसाठी या कायद्यात कलम ६४-अ आहे, ज्याबद्दल फार कमी लोकांना माहीत असतं. स्वतः सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेली व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. मात्र उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण जाऊ शकतं.

उपचार कसे होतात?

'गोळी सोडवायला दुसरी गोळी कशाला?' हा प्रश्न मानसोपचारतज्ज्ञांना हमखास ऐकावा लागतो.

झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत मुख्य उपाय म्हणजे टप्प्याटप्प्याने मात्रा कमी करणं. अमेरिकेतल्या व्यसनवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने इतर संस्थांसोबत २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांच्या मते सुरुवात दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के मात्रा कमी करून व्हावी आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त कपात होऊ नये. म्हणजे अनेक वर्षांची गोळी सुटायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. काही वेळा डॉक्टर झटकन उतरणाऱ्या अल्प्राझोलामऐवजी डायझेपामसारखं हळू उतरणारं औषध देतात आणि मग ते कमी करत नेतात. शेवटचा टप्पा अनेकदा सगळ्यात अवघड असतो, तिथे घाई करण्यात अर्थ नाही. मात्रा खूप जास्त असेल, आधी फिट आली असेल, किंवा सोबत दारू असेल तर हे घरी न करता दाखल होऊनच करावं लागतं.

पण गोळी काढून घेतली आणि झोपेचा प्रश्न तसाच ठेवला तर काय उपयोग? दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नसून एक विशिष्ट समुपदेशन आहे, असं आता जगभरातल्या तज्ज्ञांचं मत आहे. त्यात रोज ठरलेल्या वेळीच उठायचं, रात्री कितीही वाजता झोपलात तरी. पलंगावर मोबाइल नाही, जेवण नाही, हिशेब नाहीत. वीसेक मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. पहिले काही दिवस वैताग येतो. काही आठवड्यांनी बऱ्याच जणांना फरक पडतो.

अफूवर्गीय औषधांचं गणित वेगळं आहे. ती बंद केल्यावर अंग मोडून येतं, नाक-डोळे वाहतात, जांभया, जुलाब, उलट्या सुरू होतात. हा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोहोचतो आणि साधारण आठवड्यात ओसरतो. ट्रॅमाडॉलचा ओव्हरडोस झाला तर फिटही येऊ शकते. खरा धोका मात्र नंतर असतो. पंधरा दिवस गोळी बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. मग माणूस पुन्हा वळला आणि त्याने जुनाच डोस घेतला, तर तोच जीवघेणा ठरू शकतो.

म्हणून केवळ 'शरीर साफ करणं' पुरत नाही. ब्युप्रेनॉर्फिन नावाचं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं जातं. ते मेंदूत त्याच जागी जाऊन बसतं, ओढ आणि त्रास थांबवतं, पण ठरावीक मर्यादेपलीकडे त्याची नशा वाढत नाही. ते काही महिने, काहींना काही वर्षं घ्यावं लागतं. माणूस कामावर जातो, घर चालवतो. मधुमेहाची गोळी रोज घेणाऱ्याला कुणी व्यसनी म्हणत नाही, हा डॉक्टरांचा युक्तिवाद इथे लागू पडतो. अफूवर्गीय औषधाचा ओव्हरडोस झालाच तर नालोक्झोन हे इंजेक्शन काही मिनिटांत श्वास परत आणू शकतं. झोपेच्या गोळ्यांवर मात्र त्याचा परिणाम होत नाही.

केंद्र निवडताना

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक मदतीने. त्या काळात गर्दने तरुण पोरं घेरली होती. व्यसनी माणसाशी माणसासारखं वागायचं, हा विचार महाराष्ट्रात रुजवण्यात या केंद्राचा मोठा वाटा आहे.

सगळीच केंद्रं तशी नसतात. मारहाण करणारी, साखळीने बांधणारी, घरच्यांशी बोलू न देणारी केंद्रंही असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार साखळीने बांधणं बेकायदा आहे, आणि दारू-ड्रग्जशी संबंधित मानसिक अवस्था याच कायद्यात येतात. त्यामुळे दाखल करण्याआधी केंद्राची नोंदणी विचारा. तिथे मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, रात्री फिट आली तर कोण बघतं, हे विचारा. 'आम्ही सगळ्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद करतो' असं उत्तर आलं, तर झोपेच्या गोळ्यांच्या रुग्णाला तिथे ठेवू नका.

मदत कुठे मिळेल?

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आणि जिल्हा रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात ही तपासणी होते. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे. मानसिक आरोग्यासाठीची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ वर चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. माणूस उठवूनही उठत नसेल, श्वास फार हळू चालत असेल, ओठ निळे पडले असतील किंवा फिट येत असेल तर हेल्पलाइनवर वेळ न घालवता थेट १०८ ला फोन करायचा, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याला कुशीवर झोपवायचं.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा. दिवसाला नेमक्या किती गोळ्या जातात, तो आकडा खरा सांगा. लाजेपोटी सहाच्या जागी दोन सांगितल्या, तर डॉक्टर दोनच्या हिशेबाने कमी करायला सुरुवात करतील आणि त्याच रात्री त्रास सुरू होईल.